पट्टा आवळताना दंडात येणारी कळ

प्रश्न : माझे वय 63 आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मुलाने रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणून दिले. पट्टा फुगला की दंडात कळ येते, बोटांना मुंग्या येतात आणि कित्येकदा तो सैल होता होता पुन्हा अधिकच आवळतो. त्या धास्तीने मी मोजणेच टाळू लागले आहे. यंत्र बिघडले असेल का? नस दबून अपाय तर होणार नाही ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दंडातील रोहिणीचा प्रवाह क्षणभर थांबल्याशिवाय यंत्राला वरचा आकडा मिळत नाही, म्हणून पट्टा त्या आकड्याच्याही बराच वर फुगतो. तेवढ्यापुरते आवळणे आणि मुंग्या येणे स्वाभाविक आहे. हवा सुटल्यावर त्या लगेच ओसरतात आणि नसेला अपाय होत नाही. कळ मात्र सोसत राहू नये.

बहुतेक वेळा दोष पट्ट्याच्या मापात असतो. शिवणकामाच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजा व पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहा. यंत्रासोबत बहुधा 22 ते 32 सेंटिमीटरचा पट्टा येतो. तुमचा घेर 34 भरला, तर मोठा पट्टा वेगळा मागवावा लागेल. लहान पट्टा दुखतो, शिवाय रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. त्या आकड्यावर विसंबून गोळी वाढवली जाण्याची शक्यता मला दुखण्याहून अधिक गंभीर वाटते.

ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून पट्टा बांधत असाल तर तेही थांबवा, कारण गुंडाळलेली बाही दंडाला दुसरा फास घालते. सैल बाहीचे कपडे घाला, पट्ट्याची खालची कड कोपराच्या दोन बोटे वर ठेवा आणि आत एक बोट सहज जाईल इतकाच तो आवळा.

मोजताना बोलल्याने किंवा हात हलल्याने यंत्र पुन्हा फुगते. पाच मिनिटे पाठ टेकून बसा, हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवा. धास्तीनेही आकडा चढतो, म्हणून मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवा. इतके करूनही यंत्र वारंवार फुगत असेल, तर नाडी अनियमित आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

पट्ट्याचा लाल वळ थोड्या वेळात जातो. परंतु बारीक जांभळे ठिपके उमटत असतील, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना, तर ते डॉक्टरांना दाखवा. ज्या बाजूच्या काखेतील गाठी शस्त्रक्रियेत काढल्या आहेत किंवा ज्या हातावर डायलिसिससाठी फिस्टुला (रोहिणी आणि शीर यांची शस्त्रक्रियेने केलेली जोडणी) केलेला आहे, त्या हाताला पट्टा बांधू नये.