कॅसेटच्या खाचेतून फोनची गाणी

गाडीतला टेप अजून ठणठणीत आहे, पण गाणी सगळी फोनमध्ये. अशा वेळी कॅसेट अडॅप्टर कामाला येतो: कॅसेटच्या आकाराची डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि टोकाला 3.5 मिलिमीटरची पिन. त्याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: अडॅप्टरमध्ये फीतच दिसत नाही. मग टेप वाजवतो तरी काय? आणि त्याने टेपचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, झिजणार नाही ना?

नेहमीच्या कॅसेटमधली फीत 3.81 मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला 4.76 सेंटिमीटर वेगाने हेडसमोरून सरकते. फितीवरचं चुंबकत्व जसं बदलेल तसा हेडच्या वेटोळ्यात अगदी बारीक विद्युतदाब तयार होतो. अडॅप्टरमध्ये फितीच्या जागी, मधल्या खिडकीत, एक छोटं हेड स्प्रिंगवर बसवलेलं असतं. फोनचा सिग्नल त्याच्या वेटोळ्यातून जातो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र समोरच्या हेडमध्ये शिरतं. टेपच्या दृष्टीने ती फीतच.

दोन्ही हेड एकमेकांना टेकून स्थिर राहतात. सतत घासणारं काही नसल्यामुळे झीज फितीपेक्षा कमीच होते. शिवाय टेपची मोटर मंदावली असेल आणि जुन्या कॅसेट रडक्या सुरात वाजत असतील, तरी अडॅप्टरवर सूर हलत नाही. वेगाचा इथे संबंधच उरत नाही.

प्रश्न: अडॅप्टर आत घातला की पाच-दहा सेकंद गाणं लागतं, मग ‘टक’ असा आवाज होऊन टेप साइड बदलतो. दोन-तीनदा असं झालं की कॅसेट बाहेर फेकतो. टेप बिघडला आहे का?

बहुधा नाही. ऑटो रिव्हर्सचे टेप कॅसेटची चक्री फिरते आहे की थांबली, यावर नजर ठेवून असतात. फीत संपली की ती ताणली जाते, चक्री थांबते आणि टेप दुसरी बाजू लावतो. अडॅप्टरमध्ये फीत नसल्यामुळे एका चक्रीची गती दुसरीपर्यंत पोचवायला चार-पाच दातेरी चाकं दिलेली असतात. ती जड झाली, एखादा दात तुटला किंवा उन्हाने डबी वाकली की चक्री अडकते. टेपची समजूत होते की फीत संपली.

आधी अडॅप्टर हातात घ्या. एका चक्रीत पेन्सिल घालून हळू फिरवा. दुसरी चक्री सोबत आणि हलकी फिरली पाहिजे. कुठे अडखळत असेल तर डबी उघडावी लागेल. बहुतेक डब्यांना कॅसेटसारखेच पाच बारीक स्क्रू असतात (काही नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, त्यांच्या कडेने पातळ पाती फिरवा, एका जागी जोर लावू नका). टेबलावर पांढरा कागद पसरा, लेबलची बाजू वर ठेवून झाकण सरळ वर उचला आणि कशालाही हात लावण्याआधी फोनने फोटो काढा. चाकं कोणत्या खुंटीवर होती हे दहा मिनिटांनी हमखास आठवत नाही. धूळ, केस, वितळलेलं जुनं ग्रीस कोरड्या ब्रशने काढा. प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस टाचणीच्या टोकावर येईल इतकंच प्रत्येक खुंटीला लावा. पेट्रोलियमपासून बनलेलं तेल नको. ते प्लॅस्टिक फुगवतं आणि हेडपर्यंत पसरतं.

चाकंच काढून टाकली तर? काही टेपमध्ये हा उपाय उत्तम चालतो आणि कटकट आवाजही जातो. पण ज्या टेपमध्ये दोन्ही चक्र्यांवर नजर असते, तिथे न फिरणारी चक्री लगेच पकडली जाते आणि तुमचा त्रास आणखी वाढतो. काढलेली चाकं वेगळ्या पिशवीत घालून जपून ठेवा आणि टेप काय म्हणतो ते पाहा.

आणखी एक शक्यता आहे. काही टेप फीत तुटली आहे का हे तपासतात आणि अडॅप्टरला तुटकी कॅसेट समजतात. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत यावरचा तोडगा छापलेला आहे: इग्निशन चालू, रेडिओ बंद, मग टेप आणि सीडी निवडायचं बटण पडद्यावर ‘रेडी’ येईपर्यंत काही सेकंद दाबून धरायचं आणि लगेच अडॅप्टर आत सरकवायचा. इजेक्ट दाबेपर्यंत ती तपासणी बंद राहते. इतर गाड्यांची पुस्तिकाही एकदा चाळून पाहावी. असली माहिती सहसा अडॅप्टरच्या नव्हे, कॅसेटच्या पानावर असते.

प्रश्न: टेप साइड बदलत नाही, पण आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. आवाज पूर्ण वाढवला की नुसती शूं शूं.

दिशेचं बटण दाबून पाहा, दोन बाणांचं असतं ते. फितीच्या अर्ध्या रुंदीत एका बाजूचे दोन ट्रॅक आणि उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्या बाजूचे दोन असतात. अडॅप्टरचं हेड फक्त एका अर्ध्यासमोर असेल आणि टेप उलट दिशेने चालू असेल, तर तो रिकाम्या जागी कान लावून बसलेला असतो.

प्रश्न: फोनचा आवाज किती आणि गाडीचा किती ठेवावा? कमी ठेवला तर खरखर, जास्त ठेवला तर आवाज फाटतो.

गाडीचा आवाज रेडिओ ऐकताना जिथे असतो तिथे ठेवा. फोन साधारण ऐंशी टक्क्यांवर. गाण्यातला सगळ्यात भरगच्च भाग लावा, ढोल-ताशा किंवा पूर्ण वाद्यवृंद चालेल. फाटत असेल तर फोन एकेक पायरी खाली आणा आणि फाटणं थांबलं की आणखी एक पायरी उतरून तिथेच राहू द्या. यापुढे कमी-जास्त करायचं ते गाडीच्या बटणाने.

गाडीचा आवाज अगदी बारीक ठेवूनही गाणं फाटत असेल, तर दोष सुरुवातीच्या भागात आहे: फोन, अडॅप्टर किंवा टेपचा पहिला ॲम्प्लिफायर. फक्त मोठ्या आवाजात फाटत असेल तर बहुधा स्पीकर थकले आहेत, अडॅप्टरला दोष देऊ नका. फोनमधला इक्वलायझर आणि बेस वाढवणारी सोय बंद करा. सगळी ताकद तिथेच खर्ची पडते. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा लावलेली असेल तर तीही काढा.

जुना सीडी प्लेअर जोडत असाल तर पिन हेडफोनच्या भोकात घाला, लाइन आउटच्या (दुसऱ्या ॲम्प्लिफायरला जोडायच्या भोकाच्या) नाही. अडॅप्टरच्या वेटोळ्याला थोडा दमदार प्रवाह लागतो. बऱ्याच लाइन आउटना तो देता येत नाही आणि आवाज मरगळलेला येतो.

प्रश्न: माझ्या टेपवर गाणी दबकी येतात, भावाच्या गाडीत तोच अडॅप्टर कानाला टोचतो. अडॅप्टर एकच, मग फरक कुठे?

दोन बटणं आणि एक हेड. इतक्यातच उत्तर आहे.

पहिलं डॉल्बीचं बटण. डॉल्बी बी हे कॅसेटमधली सळसळ कमी करण्यासाठी होतं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी हळू आवाजातले वरचे सूर उंचावायचे आणि वाजवताना तेवढेच, साधारण 10 डेसिबलपर्यंत, दाबायचे. फोनमधलं गाणं कुणी उंचावलेलं नाही. डॉल्बी चालू राहिलं तर वरचे सूर विनाकारण दाबले जातात, तेही गाण्याच्या शांत जागी जास्त आणि जोरकस जागी कमी. झांज मधेच झाकल्यासारखी आणि मधेच उघडी वाटत असेल तर हेच कारण. अडॅप्टरसाठी डॉल्बी बंद.

दुसरं मेटल किंवा क्रोमचं, म्हणजे त्या लेपाच्या फितींसाठीचं बटण. साधी कॅसेट वाजवताना टेप 120 मायक्रोसेकंदांचं ध्वनिसंतुलन वापरतो, क्रोम-मेटलसाठी 70. पहिल्यात वरच्या सुरांची उचल सुमारे 1,326 हर्ट्झपासून सुरू होते, दुसऱ्यात सुमारे 2,274 पासून. परिणामी मेटलचं बटण दाबलं की वरचे सूर जवळपास 4.7 डेसिबलने उतरतात. तुमच्या भावाच्या गाडीत हे बटण असेल तर ते दाबायचं, तुमच्या गाडीत ते दाबलेलं असेल तर सोडायचं. इथे नियम नाही. वायर, वेटोळं आणि फोन यांच्या जोडीवर ठरतं, कानाला बरं वाटेल ते खरं.

दोन्ही बटणांनी फरक पडला नाही तर हेड पाहा. जुन्या फितींची तपकिरी पूड टेपच्या हेडवर थर धरते आणि दोन हेडमध्ये फट पाडते. फट कागदाच्या जाडीची असली तरी आवाज दबतो. 90 टक्के किंवा जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पिळून घ्या, हेडवरून दोन-तीनदा फिरवा, काडी पांढरी निघेपर्यंत बदलत राहा आणि दहा मिनिटं वाळू द्या. काडी पोचत नसेल तर ओली सफाई कॅसेट चालेल. खरखरीत पट्टीची कोरडी कॅसेट मात्र हेड खाते. मग अडॅप्टरचं हेड बोटाने हलकेच आत दाबून सोडा. ते लगेच परत उसळी मारून आलं पाहिजे. आळसावलं असेल तर स्प्रिंग बसली आहे, तो अडॅप्टर बदललेला बरा.

प्रश्न: फक्त डावीकडे आवाज येतो.

एक जुनी स्टिरिओ कॅसेट लावा. तिथेही उजवी बाजू मुकी असेल तर टेप किंवा स्पीकर पाहावा लागेल. कॅसेट ठीक वाजली तर फोनला हेडफोन लावून पाहा (फोनमधला डावा-उजवा तोल कुणी सरकवलेला नाही ना, तेही). फोन ठीक असेल तर उरली वायर. ती दोनच ठिकाणी तुटते: पिनेच्या मानेपाशी आणि डबीतून बाहेर पडते तिथे, कारण टेपचं झाकण रोज तिला चिमटतं. गाणं चालू ठेवून त्या दोन जागा हळू वाकवा. आवाज आला-गेला की जागा सापडली.

मल्टिमीटर असेल तर पिनेच्या टोकापासून बुडापर्यंत आणि मधल्या कड्यापासून बुडापर्यंत रोध मोजा. टोक म्हणजे डावा, कडं म्हणजे उजवा, बूड दोघांचं सामाईक. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एकीकडे अनंत दाखवत असेल तर तार तुटलेली आहे. पिनेपाशी तुटली असेल तर पाच सेंटिमीटर कापून नवी स्टिरिओ पिन डाखवता येते. आतल्या केसासारख्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. तो आधी तापलेल्या कथलाने जाळून काढला नाही तर डाख धरतच नाही आणि दुरुस्ती फसल्यासारखी वाटते. डबीपाशी तुटली असेल तर जोडताना वायर दुसऱ्या खाचेतून बाहेर काढा. बऱ्याच डब्यांना तशा दोन-तीन खाचा दिलेल्या असतात. तुमच्या टेपचं झाकण जिथे चेपत नाही ती निवडा.

प्रश्न: फोन गाडीतल्या चार्जरला लावला की गाण्यामागे शिट्टी ऐकू येते. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीही चढते.

इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राची. चार्जर काढल्यावर ती गेली, तर वाट चार्जरमधूनच आहे. अडॅप्टरचा सिग्नल चुंबकातून जातो, तारेने नाही, म्हणून हे व्हायला नको असं वाटतं. पण दोन हेडची धातूची आवरणं एकमेकांना टेकतात आणि तिथून अर्थिंगच्या तारेचं वर्तुळ (ग्राउंड लूप) पूर्ण होऊ शकतं. चार्जर बदलून पाहा, पॉवर बँकेवर चालवून पाहा. दोन्ही नको असतील तर फोन आणि अडॅप्टर यांच्यामध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. थोडा बेस खातो, पण शिट्टी जाते.

प्रश्न: नव्या फोनला हेडफोनचं भोकच नाही. ब्लूटूथची कॅसेट घ्यावी का?

आयफोनचं भोक 2016 साली आयफोन 7 पासून गेलं, पुढे इतरांनीही तोच रस्ता धरला. जुना अडॅप्टर चांगला असेल तर सी टाइप किंवा लाइटनिंगचा छोटा जोड घेऊन काम भागतं. सी टाइपचा जोड घेताना आत डॅक (डिजिटल गाण्याचा आवाजाचा सिग्नल बनवणारी चिप) असलेलाच घ्या. नुसत्या तारांचा जोड पुष्कळ फोनवर मुका राहतो.

ब्लूटूथच्या कॅसेटमध्ये वायरची कटकट नाही, पण आत बॅटरी आहे. ती चार्ज करायला कॅसेट बाहेर काढावी लागते, आणि उन्हात उभ्या गाडीत लिथियम बॅटरी सोडून जाणं धोक्याचं. फोनवर बोलायला तिचा माइक कामाचा नाही. तो टेपच्या पोटात असतो.

प्रश्न: रोज अडॅप्टर बाहेर काढायलाच हवा का?

हो, आणि किल्ली बंद करण्याआधी. जुन्या यांत्रिक टेपमध्ये इग्निशन बंद झालं तरी फीत ओढणारा रबरी पिंच रोलर धातूच्या दांड्यावर दाबलेलाच राहतो. रात्रभर तसाच राहिला तर रबरावर खड्डा पडतो. अडॅप्टरवर तो जाणवणार नाही, पण पुढच्या खेपेला खरी कॅसेट लावाल तेव्हा सूर डगमगेल. बाहेर काढलेली डबी डॅशबोर्डवर नको, कप्प्यात ठेवा. वायर तिच्याभोवती सैल गुंडाळा. घट्ट गुंडाळली की पिनेची मान पहिली जाते.