चार वर्षांच्या लॅब्राडोर कुत्र्याला शिट्टी शिकवायची तर

ताई, घरात 'बस' आणि 'ये' पक्कं, पण गंगापूर धरणाच्या काठी बगळा दिसला की हाका मारून घसा बसला तरी तुमचा लॅब वळत नाही. या वयात तो शिट्टी शिकेल का, असं विचारलंत. नक्की शिकेल. मोठ्या कुत्र्याला उलट सोपं जातं, कारण शब्द त्याला आधीच येतात. शिट्टी त्या शब्दांच्या अलीकडे जोडायची, एवढंच.

आधी शिट्टी, सेकंदभर थांबून शब्द, मग खाऊ. हा क्रम मोडू नका. 'बस' म्हणून मग शिट्टी मारलीत, तर तो शब्दावरच बसतो आणि शिट्टीकडे लक्ष देत नाही. आमची राणी सहा वर्षांची होती. रोज जेवणाआधी पाच-सहा वेळा करायचो. दहाव्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत तिचं बूड जमिनीला टेकलं आणि नजर थेट माझ्या खिशावर! त्या दिवसापासून शब्द गाळला.

इंग्लंडात शिकारी कुत्र्यांना एक लांब फुंकर म्हणजे 'थांब, बस, माझ्याकडे बघ' आणि छोट्या छोट्या फुंकरी म्हणजे 'परत ये' असं सर्रास शिकवतात. तेच घ्या. शिट्टी आत गोळी नसलेली हवी. गोळी थुंकीने भिजली की आवाज बदलतो. माणसाला ऐकू न येणारी 'सायलेंट' शिट्टी घेऊ नका, आपण नीट वाजवली की नाही हे आपल्यालाच कळत नाही.

खरी मेहनत लांबून थांबवण्यात आहे. आधी पायाशी, मग पाच पावलांवर, मग दहा मीटर दोरी लावून मोकळ्या मैदानात. तो बसला की चेंडू त्याच्या पाठीमागे फेका आणि आणायला पाठवा. लॅबसारख्या रिट्रीव्हरला कलेजीपेक्षा हे मोठं बक्षीस, कारण शिकार शोधून तोंडात धरून आणणं त्याच्या रक्तात आहे. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली, पण ही ओढ चेंडूवर किंवा कापडी डमीवर छान भागते. मात्र बोलावल्यावर परत येताना त्याला मध्येच सारखं थांबवू नका, येणं मंदावतं.

बगळ्यामागे सुटलेल्या कुत्र्यावर महिनाभर तरी शिट्टी वाजवू नका. एकदा ऐकून न ऐकल्यासारखं करता येतं हे कळलं, की पुढचं सगळं अवघड. तोवर काठावर दोरी सोडायची नाही. सरावात एकदाच फुंका, नाही बसला तर दोरी धरत जवळ जा आणि बसवा. दुसऱ्यांदा फुंकू नका, रागावू नका.

नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात मात्र त्याला नेऊच नका, कितीही तयार झाला तरी. हिवाळ्यात तिथे लांबून आलेली बदकं उतरतात, त्यांना निवांतपणा हवा.

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आटपा, दहा मिनिटं पुरे. पंधरा दिवसांनी तो किती पावलांवरून बसतोय ते कळवा, मग पाण्यातलं सांगते.