रुळाला भोक पाडायला हाताचं ड्रिल घ्यावं की पेट्रोलचं मशीन?

हाताचंच घ्या. पेट्रोलच्या मशीनबद्दल खाली लिहितो, पण आधी तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ घेतो, कारण हे उत्तर लिहायला मी तिच्यामुळेच बसलोय. तुम्ही लिहिलंय, की कारखान्याच्या आवारातली ट्रॉलीची लाईन जुनी आहे, दोन जोडांशी रूळ तडकलेत, तेवढे तुकडे बदलून फिशप्लेटसाठी (दोन रुळांची टोकं बाजूने बोल्टने जोडणारी लोखंडी पट्टी) नवी भोकं पाडायचीत. इथवर ठीक. आणि मग: "तसा एक गॅस-कटरवाला पाच मिनिटांत भोकं मारून देतो म्हणतोय, ते चालेल का?"

नाही चालणार. त्याला फाटकाच्या आत घेऊ नका.

मी बडोद्याचा. उभी नोकरी रुळांवर गेली, त्यातली बरीचशी डभोईकडच्या नॅरोगेजवर. डभोई ते मियागाम ही भारतातली पहिली नॅरोगेज, १८६२ सालची, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीतली, दोन रुळांमध्ये ७६२ मिलिमीटर अंतराची. सुरुवातीचे रूळ इतके हलके होते की त्यांना इंजिन पेलेना, डबे बैल ओढायचे. जड रूळ पडले तेव्हा कुठे इंजिनं नियमित धावू लागली. माझे आजोबा गायकवाडी रेल्वेत होते, त्यामुळे या लाईनबद्दल मी जरा जास्त बोलतो, चालवून घ्या. सांगायचं ते एवढंच, की हलका रूळ आणि जागोजागी जोड यांची दुखणी मला पुस्तकातून कळलेली नाहीत, आणि तुमच्या ट्रॉलीलाईनचीही नेमकी तीच दुखणी आहेत.

डभोईच्या बाजूची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती मऊ पडते, खडी गिळते आणि जोडाखालचे स्लीपर, म्हणजे रुळाखालचे आडवे आधार, पोकळ होतात. मग प्रत्येक चाकाखाली रुळाचं टोक दबतं, बोल्ट भोकाच्या कडेवर रेटला जातो, सुटतो, पुन्हा रेटला जातो. भेग सुरू होते ती या कडेवरच, बहुतेक वेळा ४५ अंशांत तिरकी, आणि फिशप्लेटच्या आड असल्यामुळे वरून काहीच दिसत नाही. थंडीच्या दिवसांत जोड उघडून ग्रॅफाइट ३ भाग आणि रॉकेल २ भाग असा घट्ट लेप लावायचा असतो. त्याच वेळी रुळाची टोकं भिंगाने बघायची, असा नियम आहे. तो उगाच नाही.

अशाच एका श्रावणात आमच्या की-मॅनने, म्हणजे रोज लाईन पायी तपासणाऱ्या माणसाने, सकाळच्या फेरीत तुटलेला जोड पकडला. भोकातून निघालेली भेग रुळाच्या डोक्यापर्यंत पोचली होती. लाल झेंडी लावून तो धावत आला. बदली रूळ जवळच पडलेला होता, पण त्याच्या एका टोकाला भोकं नव्हती. पॉवरचं मशीन दुसऱ्या सेक्शनला गेलेलं आणि मधला रस्ता पाण्याखाली. आमच्याकडे होतं ते हाताने फिरवायचं ड्रिल, रुळावर चाप बसवून पकडायचं, दोन्ही बाजूंना मुठी असलेलं.

आता योगायोग बघा. जवळच एका मोरीचं काम चाललं होतं आणि त्या ठेकेदाराचे सुपरवायझर म्हणून आमचे साडू तिथे होते. छत्री घेऊन बघायला आले. म्हणाले, "साडूभाऊ, माझ्याकडे गॅसचा सेट आहे. दोन मिनिटांत भोक मारून देतो, कशाला माणसांना भिजवता?" मी उत्तर देण्याआधीच मुकादम मध्ये पडला. छोटा उदेपूरकडचा माणूस, बोलणं कमी. "पाटाने बाळवानो नथी," म्हणजे रूळ जाळायचा नाही, एवढंच म्हणाला आणि पोरांना ड्रिल उतरवायला सांगितलं. त्या काळात माझ्या हाताखाली शिकलेली पोरं पुष्कळ होती, पण त्या मुकादमाच्या हातात जे होतं ते त्यातल्या कुणाच्याही हातात आलं नाही.

त्याने आधी बिटला, म्हणजे ड्रिलच्या कापणाऱ्या पात्याला, धार लावली. पाऊस पडतोय, गाडी खोळंबलीय, आणि हा पत्र्याच्या आडोशाला बसून धार तपासतोय. दोन्ही ओठ, म्हणजे टोकाच्या कापणाऱ्या धारा, सारख्या लांबीचे, सारख्या कोनाचे. एक ओठ जरी मोठा राहिला तरी बिट एका अंगाने कापतं आणि भोक मापापेक्षा मोठं पडतं. मोठ्या भोकात बोल्ट हलतो, आणि हलणारा बोल्ट कड ठेचतो. मग फिशप्लेट लावून भोकांची जागा आखली, सेंटर पंचने खोल खूण केली, आधी बारीक बिटने वाट काढली आणि त्यानंतर मोठं बिट चढवलं. दोघे मुठींवर, तिसरा डब्यातलं साबणाचं पाणी सोडतोय.

तो स्वतः बाजूला उकिडवा बसून फक्त ऐकत होता. बिट कापत असलं की आवाज जाड, करकरीत येतो आणि दोन्ही बाजूंनी कीस निघतो, सुताराच्या रंध्यातून निघावा तसा गुंडाळत. बिट नुसतं घासायला लागलं की आवाज बारीक, किंचाळल्यासारखा होतो आणि किसाऐवजी भुगा पडतो. असं घासत राहिलात की तिथलं पोलाद आणखी कठीण होतं, मग ते नव्या धारेलाही दाद देत नाही. तो आवाज आला की मुकादम हात वर करायचा, दाब वाढवायला सांगायचा, नाहीतर बिट काढून परत धारेला बसायचा. शेवटी बिट पलीकडे निघताना दाब कमी करायला लावला, कारण त्या क्षणी बिट अडकलं तर मुठीच्या झटक्याने मनगट दुखावू शकतं. भोक झाल्यावर पलीकडची बोचरी कड अर्धगोल कानशीने काढली आणि दोन्ही बाजूंची कड चॅम्फर (म्हणजे थोडी तिरकी) करून दाबून घेतली. चॅम्फरिंग शोभेसाठी नसतं. त्याने कडेचं पोलाद दाबलं जाऊन घट्ट होतं आणि भेग उशिरा धरते.

बोल्ट हाताने आत गेला, हातोडा लागला नाही. गाडी सावकाश सोडली. एका भोकाला पाव तासाच्या आसपास लागला असेल. साडू म्हणाले, "एवढ्या वेळात मी अख्खा पूल कापला असता."

तो वाद तेव्हा सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. कुठल्याही लग्नामुंजीला भेटलो की जेवणाच्या पंगतीत निघतो. पुढे साडूंनी स्वतःचे ठेके घ्यायला सुरुवात केली आणि मकरपुऱ्याकडे एका कारखान्यातल्या आतल्या लाईनचं काम घेतलं. सगळी भोकं गॅसने. फिशप्लेटखाली झाकली गेली, बिल मिळालं. पुढचा पावसाळा संपायच्या आत भरलेली ट्रॉली जोडावर घसरली. माणूस कुणी सापडला नाही, ही देवाची कृपा. कारखान्याच्या साहेबांनी मला बघायला बोलावलं. मी फिशप्लेटा काढल्या, रॉकेलने भोकं पुसली, वर खडूची पूड लावली आणि हातोड्याने हलके ठोके दिले. भेगेत शिरलेलं रॉकेल पुडीवर रेघ बनून उमटतं, ही जुनी पद्धत. रेघा उमटल्या, आणि सगळ्या त्या जळक्या, दातेरी कडेपासून सुरू झालेल्या. साडूंचं म्हणणं आजही एकच: "रूळच भंगारातला होता."

रूळ भंगारातला नव्हता. रुळाच्या पोलादात कार्बन भरपूर असतो, म्हणूनच तो झिजेला टिकतो. गॅसच्या ज्योतीने भोकाची कड लालभडक होते आणि ज्योत हटली की आजूबाजूचा जाडजूड थंड रूळ ती उष्णता झटक्यात ओढून घेतो. म्हणजे तापलेलं पोलाद झटक्यात थंड करून न सांगता कडक पाणी दिल्यासारखंच झालं. ती कड काचेसारखी ठिसूळ होते, बारीक चिरा तेव्हाच पडतात. वर भोक वेडंवाकडं, बोल्ट एकाच टोकावर टेकतो. बाकीचं काम चाकं करतात. धातूशास्त्र शिकलेला कुणीही हे सांगेल. साडू डिप्लोमा झालेत, त्यांनाही शिकवलं असणार.

त्यांचा दुसरा मुद्दा, की भोक एवढंसं असतं, त्याने काय होतंय. १९६७ सालच्या ५ नोव्हेंबरला लंडनमध्ये हिदर ग्रीनला गाडी घसरली, ४९ माणसं गेली. जोडाशी बोल्टच्या भोकातून गेलेल्या भेगेने रुळाचा तुकडा निघाला होता आणि जोडाखालचा आधार कमकुवत होता. ती तर व्यवस्थित मेन लाईन होती. भोक एवढंसंच असतं.

तिसरा मुद्दा वेळेचा. पाव तास नि दोन मिनिटं, मान्य. पण रूळ दुसऱ्यांदा बदलायचा वेळ त्या दोन मिनिटांत कोण धरतो?

आता तुमचं ड्रिल. दोन तऱ्हा मिळतात: रुळाच्या डोक्यावरून पकडणारं आणि बुडाखालून पकडणारं. डोक्यावरून पकडणारं लवकर बसतं, पण ट्रॉली यायची झाली की प्रत्येक वेळी उतरवावं लागतं. तुमचे जोड दोनच आहेत, ट्रॉली थोडा वेळ थांबवता येत असेल तर तेच घ्या. चौकट हाताने पिळून बघा, जराही लवली तर परत द्या. चौकट लवली की भोक तिरकं पडतं. बिट आपोआप पुढे सरकवणारी रॅचेटची सोय असेल तर उत्तम, नवख्या माणसाच्या हाताने दाब कमी-जास्त होतो. बिट हायस्पीडचंच, टोकाचा कोन नेहमीच्या ११८ पेक्षा बोथट, १३० अंशांच्या पुढचा असला तर रुळात बरा चालतो. धार लावणारा माणूस आधी शोधा, ड्रिल नंतर. जुनं, दणकट ड्रिल भंगारवाल्याकडे मिळालं आणि त्याचे गिअर झिजलेले नसतील, तर नव्या हलक्या मशीनपेक्षा मी ते घेईन.

पेट्रोलचं मशीन वाईट नाही. माझं भांडण त्याच्याशी नाही. बरीच भोकं असतील तर तेच आणा, हाताने करणं म्हणजे माणसांना विनाकारण राबवणं आहे. पण भाड्याच्या मशीनसोबत बोथट बिट येतं, आणि मशीनचा जोर इतका असतो की ते घासतंय हे हाताला कळत नाही. कळतं तेव्हा बिट निळं पडलेलं असतं. पाणी सतत सोडा.

दोन गोष्टी राहिल्या. तुमची लाईन पुढे रेल्वेच्या सायडिंगला (मुख्य लाईनच्या बाजूच्या फाट्याला) जोडलेली असेल तर यातलं काहीही स्वतः करू नका, तिथे रेल्वेचे नियम लागतात आणि भोकाची जागा, माप सगळं ठरलेलं असतं. आणि रूळ हेड-हार्डन्ड, म्हणजे डोकं मुद्दाम कडक केलेल्या जातीचा निघाला तर आधी विचारा, ते पोलाद वेगळं वागतं. तसंच, नुसता रूळ बदलून थांबू नका. तडकलेल्या दोन्ही जोडांखालचे स्लीपर पहारीने उचलून बघा. ते पोकळ असतील तर खाली खडी ठोकून घ्या, नाहीतर नवं भोकही त्याच वाटेने जाईल.

बिटचं माप मी इथे मुद्दाम देत नाहीये. ६० किलोच्या (म्हणजे मीटरला ६० किलो वजनाच्या) रुळाचं वेब, म्हणजे डोकं आणि बूड यांच्यामधला उभा भाग, १६.५ मिलिमीटर जाड, ५२ किलोचं १५.५, जुन्या ९० पौंडीचं (यार्डाला ९० पौंड) १४ च्या जरा आत, आणि बोल्टही रुळाप्रमाणे बदलतो. तुमचा रूळ यांतल्या कशातच बसत नसेल, कारखान्यांतून बहुधा हलकेच रूळ असतात. वेबवर उठावाची अक्षरं आहेत, ती तारेच्या ब्रशने साफ करा, खडू फिरवा म्हणजे वाचता येतील. वजन आणि साल लिहिलेलं असतं. ते आणि तुमच्याकडच्या फिशप्लेटच्या भोकाचा व्यास इथेच खाली लिहा, मी माप सांगतो.