रक्त दिल्याने देणाऱ्याला नेमका काय फायदा होतो?

तुम्ही विचारलंय की रक्तदानाने हार्ट अटॅक टळतो, वजन उतरतं, रक्त शुद्ध होतं असं ऐकलं ते खरं का, आणि तसं असेल तर किती वेळा द्यावं. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, त्यामुळे मी सगळ्याला ‘हो’ म्हणेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण या फायद्यांची यादी जितकी फिरते तितकी ती खरी नाही.

आधी हृदयाचं बघू, कारण त्यामागे निदान विचार करण्यासारखं काहीतरी आहे. १९८१ मध्ये जेरोम सुलिव्हन या अमेरिकी डॉक्टरांनी एक कल्पना मांडली. पाळी चालू असेपर्यंत स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, तो कदाचित दर महिन्याला शरीरातलं लोह बाहेर पडतं म्हणून. मग पुरुषांचंही साठलेलं लोह कमी केलं तर? पुढे फिनलंडमधल्या पुरुषांच्या एका पाहणीत रक्तदात्यांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि तिथून हा दावा जो सुटला तो आजतागायत फॉरवर्ड होतोय.

यातली गोम आमच्या टेबलावर बसलं की लगेच कळते. रक्त द्यायला आलेल्या प्रत्येकाचं आम्ही घेत नाही. बीपी वाढलेलं, हिमोग्लोबिन कमी, हृदयाचा आजार, ठरावीक औषधं चालू असं काही असलं की त्या माणसाला परत पाठवतो. गाळून जे उरतात ते मुळातच धडधाकट असतात. त्यांना पुढे आजार कमी झाले तर ते रक्त दिल्यामुळे, की धडधाकट होते म्हणून रक्त देऊ शकले? याचा निकाल, कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या प्रयोगातच लागतो. तसा एक अमेरिकेत झाला. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले १,२७७ रुग्ण घेतले, त्यातल्या एका गटाचं ठरावीक काळाने रक्त काढत राहिले. २००७ मध्ये निष्कर्ष आले. एकूण मृत्यूंत दखल घेण्याजोगा फरक पडला नव्हता. म्हणून हृदयासाठी रक्त द्या असं मी कुणाला सांगत नाही.

वजनाचा मुद्दा तर सोडूनच द्या. पिशवीत ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त जातं, त्यात बहुतांश पाणी, आणि ते दिवस-दोन दिवसांत भरून निघतं.

‘रक्त शुद्ध होतं’ हेही असंच. पिशवीत जातं तेच रक्त अंगात उरतं. साफसफाईचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, सुई नाही. एक गमतीशीर अपवाद मात्र आहे. आग विझवण्याच्या फेसात पूर्वी वापरली जाणारी पीएफएएस नावाची रसायनं शरीरातून सहजी जात नाहीत. ऑस्ट्रेलियात अग्निशमन दलाच्या २८५ लोकांवर वर्षभर प्रयोग केला, तेव्हा रक्त आणि त्याहूनही जास्त प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग) देणाऱ्यांच्या रक्तातली ही रसायनं खरोखर कमी झाली. पण ती नाहीशी होत नाहीत, पिशवीत जातात. हे सांगायला कुणालाच आवडत नाही.

‘नवीन रक्त तयार होतं’ हे खरं, फक्त ते तुम्ही रक्त दिलं नाहीत तरी होतंच. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि अस्थिमज्जा सेकंदाला वीसेक लाख नव्या पेशी सोडत असते. रक्त दिलं की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला सांगणारं संप्रेरक) वाढतं आणि हा वेग थोडे दिवस चढतो. गेलेल्या पेशी चार ते आठ आठवड्यांत परत येतात. लोह मात्र एवढ्या लवकर येत नाही. एका मोठ्या पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं, आणि ते आहारातून भरून यायला कधीकधी कित्येक महिने लागतात.

तेव्हा ‘किती वेळा’ याचं उत्तर लोहावर ठरतं. ब्रिटनमध्ये ४५ हजारांहून जास्त दात्यांवर दोन वर्षं प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन दानांमधलं अंतर कमी केल्यावर रक्त जास्त जमलं, पण दात्यांचं हिमोग्लोबिन उतरलं, लोहाची कमतरता वाढली, थकवा आणि चक्कर यांच्या तक्रारी जास्त आल्या. बऱ्याच ठिकाणी पुरुषांना ३ आणि स्त्रियांना ४ महिन्यांचं अंतर ठेवायला सांगतात, ते उगाच नाही. नियमित देत असाल तर अधूनमधून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी चाचणी, करून घ्या, कारण हिमोग्लोबिन बरोबर दिसत असतानाही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो. पाळी चालू असलेल्या तरुण मुलींना तर मी हे आवर्जून सांगतो. लोह फार साठण्याचा किंवा लाल पेशी फार वाढण्याचा आजार असलेल्यांना रक्त काढल्याने खरा फायदा होतो, पण तो उपचार आहे, तो डॉक्टर ठरवतात.

मग हाती काय लागतं? एक छोटी तपासणी: बीपी, नाडी, हिमोग्लोबिन, रक्तगट. पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांसाठी चाचणी होते. पण कृपा करून एवढ्यासाठी येऊ नका. संसर्ग ताजा असेल तर काही दिवस कुठलीच चाचणी तो पकडू शकत नाही, आणि त्या दिवसांतली पिशवी कुणाला तरी चढते. शंका असेल तर साधी लॅब गाठा. प्रश्नावलीत खोटं लिहून फुकट चाचणी करून घेणारा दाता आमच्यासाठी रक्त न देणाऱ्यापेक्षा वाईट.

बाकी फायदा घेणाऱ्याचा आहे, आणि मला वाटतं तेवढा पुरेसा आहे. एका पिशवीचे आम्ही भाग करतो. लाल पेशी फ्रिजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवला की वर्षभर राहतो. प्लेटलेट मात्र जेमतेम ५ दिवस, त्याही साधारण २२ अंशांवर, सतत हलत ठेवून. म्हणजे रक्त साठवून ठेवायची सोय फार थोडी. मोठा अपघात झाला की दारात रांगा लागतात, पण त्या रात्री चढतं ते रक्त आधीच फ्रिजमध्ये असलेलं असतं. रांगेतलं पुढच्या आठवड्यांत वापरायचं, आणि सगळे एकदमच देऊन गेल्यामुळे नंतर कपाट रिकामं. थॅलेसेमियाच्या, म्हणजे जन्मतःच हिमोग्लोबिन नीट न बनणाऱ्या, मुलांना दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांच्या तारखा बातम्या बघून ठरत नाहीत. मला विचाराल तर गाजावाजा न करता ठरल्या वेळी येणारा दाता सगळ्यांत उपयोगी.

ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन हे याचं टोकाचं उदाहरण. चौदाव्या वर्षी छातीच्या शस्त्रक्रियेत त्यांना बरंच रक्त चढलं, म्हणून अठराव्या वर्षी ते द्यायला लागले. त्यांच्या प्लाझ्मात अँटी-डी हे दुर्मीळ प्रतिपिंड होतं, त्यापासून, आईचं शरीर पोटातल्या बाळाच्या न जुळणाऱ्या रक्तावर हल्ला करू नये म्हणून गर्भवतींना द्यायचं इंजेक्शन बनायचं. २०१८ मध्ये ८१व्या वर्षी नियमाने थांबवलं तोवर १,१७३ वेळा दिलं होतं. आणि सुई टोचताना ते तिकडे बघत नसत, हे घाबरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पहिल्यांदा जाणार असाल तर उपाशी जाऊ नका, अर्धा तास आधी दोन ग्लास पाणी प्या, आणि पहिली वेळ आहे हे आम्हाला सांगा, म्हणजे नजर ठेवता येते. सुई आत असताना मांड्या आणि पोटऱ्या आवळून सोडत राहिलात तर घेरी येण्याची शक्यता कमी होते. नंतर लगेच उठू नका, टोचल्याच्या जागी चोळू नका, नुसतं दाबून धरा. आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला, किंवा प्रश्नावलीत सांगायची एखादी गोष्ट राहिली असं आठवलं, तर रक्तपेढीला फोन करा. पिशवी गेली नसेल तर आम्ही ती बाजूला काढतो, गेली असेल तर डॉक्टरांना कळवतो. त्यावरून तुम्हाला कुणीही बोलणार नाही.