'अजून एकदा' म्हणणारे बाबा आणि गूळ नावाचं शिंगरू

"ताई, मुलगी हरली तर पार खचून जाईल हो, त्यापेक्षा आत्ताच नाव मागे घेऊ का?" हा प्रश्न मला सारखा येतो. स्पेलिंग बी असो, भरतनाट्यम असो, टेनिस असो, वाक्य तेच. घोड्यासाठी मात्र एकदाच आला. तो किस्सा लिहितेय, घरच्यांना विचारून, ओळख पटेल असं सगळं काढून टाकून.

मी टेक्सासात, डॅलसच्या आसपासच्या मराठी कुटुंबांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. मुलगी १३ वर्षांची, आईबाबा दोघंही आयटीत, आणि त्यांच्या घराण्याचा घोड्याशी संबंध म्हणजे लग्नाची वरात आणि माथेरान, बस. हिला एका मैत्रिणीमुळे मस्टँगच्या स्पर्धेचा नाद लागला.

मस्टँग म्हणजे इथले मोकाट जंगली घोडे. १९७१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, पश्चिमेकडच्या १० राज्यांतल्या सरकारी कुरणांवर राहतात, पण कुरणं पुरत नाहीत म्हणून सरकार त्यातले काही पकडून लोकांना दत्तक देतं, फी साधारण १२५ डॉलरपासून. आणि २००७ पासून असे घोडे शंभरेक दिवसांत माणसाळवून दाखवायच्या स्पर्धा भरायला लागल्या. त्यात मुलांचाही गट असतो. मुलांना शक्यतो वर्षभराचं शिंगरू देतात, त्याच्यावर बसायचं नाही, नुसतं दोरीला धरून चालवायचं, चारी पाय उचलून दाखवायचे, लाकडी पुलावरून न्यायचं, ट्रेलरमध्ये चढवायचं. मी 'नुसतं' म्हणतेय खरं, पण ज्या जनावराला आजवर माणसाचा हात लागलेला नाही त्याचा मागचा पाय उचलायचा म्हणजे काय ते विचार करा.

दत्तकाचे कागद १८ वर्षांवरच्या माणसाच्याच नावाने होतात, त्यामुळे शिंगरू कागदोपत्री बाबांनी दत्तक घेतलेलं. रंग अगदी चिक्कीच्या गुळासारखा म्हणून नाव गूळ. मानेवर डाव्या बाजूला सरकारी खूण, ती तापता डाग देऊन नव्हे, गोठवून करतात, तिथे पांढरे केस येतात.

माझ्याकडे आले तेव्हा त्या शंभरेक दिवसांतले ४० उलटले होते. म्होरकी घालून घ्यायचा, मागचे पाय मात्र अजिबात देत नव्हता. मुलगी जेवत नव्हती, बोलत नव्हती, आईचं रडणं सुरू, आणि बाबांनी लॅपटॉप उघडून मला एक्सेल दाखवली. रोजची प्रगती, टक्क्यांत. पहिल्या सेशनला मुलगी एकूण चार शब्द बोलली असेल.

मी सांगितलं, पुढच्या वेळी एक व्हिडिओ आणा, भारी दिवसाचा नको, कुठल्याही साध्या दिवसाचा. आणला. तीनेक मिनिटांचा असेल. ती गूळच्या खांद्यावर हात ठेवते, हात न उचलता पाठीवरून मागे, मग मांडीवरून खाली. तो ताठ. कान मागे. मग वजन दुसऱ्या पायावर टाकतो आणि खूर जमिनीपासून वीतभर वर येतो, जेमतेम एक सेकंद. ती लगेच हात काढून दोन पावलं मागे सरकते. गूळ मान खाली घालतो, ओठ चाटतो, काहीतरी चघळल्यासारखं करतो. इतकं छान दिसतं ते! आणि कॅमेऱ्यामागून आवाज येतो, "व्हेरी गुड! अजून एकदा." ती परत जाते. परत पाय देतो. "अजून एकदा." पुढे एका वेळेला त्याने लाथ झाडली आणि शेजारची बादली उडून कुंपणावर. व्हिडिओ तिथेच संपतो.

मी तिला एवढंच विचारलं, पहिल्यांदा तू लगेच मागे का सरकलीस? तर ही मुलगी जवळजवळ वीस मिनिटं बोलली. म्हणे घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटतो ना त्या क्षणाला शिकतो, त्याने बरोबर केलं की मी निघून जायचं, तीच त्याची शाबासकी, मी तिथेच राहिले तर त्याला वाटतं आपलं चुकलं. मग थांबून म्हणाली, "मला हरायची भीती नाहीये. बाबांना थांबा कसं सांगू ते कळत नाही."

आता इथे बाबांना 'दाब' या विषयावर सुंदर लेक्चर देता आलं असतं आणि माझ्या जिभेवर आलंही होतं, पण गप्प बसले. कारण बाबा व्हिडिओ मागे नेऊन परत बघत होते. स्वतःच म्हणाले, "सहा वेळा म्हणालोय मी." एक्सेलवाला माणूस, मोजणारच.

मग आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. ती 'झालं' म्हणाली की त्या दिवसाचं काम संपलं, मग दहा मिनिटं झालेली असोत की दोन. आणि नाव मागे घ्यायचं की नाही हे आईच्या काळजीवर नाही, गूळवर सोडायचं, स्पर्धेच्या दोन आठवडे आधी तो आपणहून ट्रेलरमध्ये चढला तर जायचं, नाही तर नाही. ही अट मुलीनेच घातली. (हेल्मेट आणि बार्नमधली ट्रेनर हजर असल्याशिवाय आत जायचं नाही, हे माझं. त्यावर चर्चा नाही.)

चढला. स्पर्धेत चारी पाय शहाण्यासारखे दिले आणि निळ्या ताडपत्रीपाशी असा बुजला की वेळ संपेपर्यंत तिच्यावर पाय ठेवला नाही. नंबर बराच खाली आला. मुलगी गाडीत अर्धा तास रडली, मग डोळे पुसून म्हणाली त्याला पाणी दाखवायचंय, गाडी थांबवा.

वर्षभराने गूळच्या मालकीचे कागद आले, तेव्हा आईचा मेसेज आला. बाबा विचारतायत हिच्या नावावर कधी करता येईल. आणि खाली, जेवताना पोळी वाढताना ते अजूनही 'अजून एक' म्हणतातच, पण ती 'झालं' म्हणते आणि ते खरंच डबा बंद करतात.