मोजमापाच्या पायथन स्क्रिप्टमध्ये युजरने चुकीचा आकडा टाकला तर काय करायचं? ट्राय-एक्सेप्ट (एरर आली तर ती पकडायची पायथनची सोय) पुरेल का?

नाही पुरणार. ट्राय-एक्सेप्टने आकड्याऐवजी अक्षरं टाकलेली पकडली जातात, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. वाट लावतो तो दिसायला व्यवस्थित असलेला आकडा.

आमच्या लॅबमध्ये एमएससीच्या एका मुलीने गेट व्होल्टेज (डिव्हाइसच्या गेट या टोकाला द्यायचं व्होल्टेज) १.५ च्या जागी १५ टाकलं, रात्र झालेली, टिंब राहून गेलं. फ्लोटला (टाइप केलेल्याचा आकडा करणाऱ्या पायथनच्या फंक्शनला) १५ चालतो, व्होल्टेज देणारं आमचं यंत्र किथली २४०० तर २१० व्होल्टपर्यंत देतं, त्यामुळे कुणीच तिला अडवलं नाही. गेटखालचं ऑक्साइड, म्हणजे करंट अडवणारा पातळ थर, होतं १० नॅनोमीटरचं, आणि सिलिकॉन डायऑक्साइड नॅनोमीटरला साधारण एक व्होल्टच्या आसपास फुटतं, म्हणजे गेलंच ते. कंप्लायन्स, म्हणजे करंटची कमाल मर्यादा, लावलेला होता, पण तो फुटल्यावर करंट अडवतो, ऑक्साइड वाचवत नाही. दुसऱ्या दिवशी तिला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली आणि ज्या सीनियरने स्क्रिप्ट लिहिलेली तो म्हणे, "टाइप करताना बघायला काय होतं?" मी तेव्हाही भांडलो आणि आजही तेच म्हणतो, डिव्हाइसला किती सोसतं हे स्क्रिप्टला सांगायचं काम लिहिणाऱ्याचं होतं, तिचं नाही.

तर मर्यादा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, सगळे प्रश्न सोर्स चालू करायच्या आधीच विचारून घ्या, प्रश्नातच व्होल्ट की मिलिव्होल्ट ते लिहा. "जास्त असेल तर नाकार" असं तपासू नका, "या दोन आकड्यांच्या मध्ये असेल तरच घे" असं तपासा, कारण कुणी नॅन (nan, म्हणजे "हा आकडाच नाही") टाइप केलं तर फ्लोट ते घेतो आणि नॅन कशापेक्षाही जास्त नाही नि कमीही नाही, त्यामुळे पहिल्या पद्धतीत ते सरळ आत घुसतं. चुकीचा आकडा गुपचूप मर्यादेत बसवू नका, परत विचारा, आणि किती ते किती चालेल ते सांगा, नुसतं "इनव्हॅलिड इनपुट" वाचून कुणाला काय कळणार? आउटपुट बंद करायची ओळ फायनलीमध्येच (एरर आली तरी चालणाऱ्या ट्रायच्या शेवटच्या भागात) हवी, नाहीतर स्वीपच्या, म्हणजे व्होल्टेज पायरीपायरीने बदलत मोजण्याच्या, मध्येच स्क्रिप्ट मेली की सॅम्पलवर व्होल्टेज तसंच राहतं.

हां, मुद्दाम ब्रेकडाउनच, म्हणजे ऑक्साइड कितीला फुटतं तेच, मोजायचा असेल तर मर्यादा वाढवावी लागेल, पण ती फाइल उघडून वाढवा. "तरीही पुढे जाऊ का?" असं चालू रनमध्ये विचारू नका, रात्री अकराला कुणीही वाय दाबून मोकळं होतं.