संपादक असताना मी कशाला तपासू?

प्रश्न : माझी पहिली कादंबरी लिहून झाली आहे. शुद्धलेखन कच्चं आहे, दोन-तीन प्रकरणं उगाच लांबली आहेत, हे मलाही कळतं. पण प्रकाशकाकडे संपादक आणि मुद्रितशोधक असतातच ना? मग पाठवण्याआधी मीच सगळं पुन्हा का तपासायचं?

उत्तर : लांबली आहेत हे कळतंय, तर कापत का नाही?

मी संपादनाचंच काम करते. हस्तलिखित हातात आलं की आधी ठरवायचं असतं ते स्वीकारायचं की परत करायचं. दुरुस्तीची वेळ त्यानंतर येते, आलीच तर. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून मी कुणाला नाकारत नाही, त्या मुद्रितशोधक काढतो. (दर ओळीत चार असल्या तर मात्र वाचणंच नको होतं.) पण नायिकेची आई तिसऱ्या प्रकरणात वारली आणि नवव्यात पत्र लिहायला बसली, तर मी काय करणार? समासात प्रश्नचिन्ह काढणार. खरं काय ते लेखकालाच ठाऊक. अशी प्रश्नचिन्हं काढण्यातच वाचन संपलं, की शेवट पटतो का, हा माणूस असं वागेल का, याचा विचार मागे पडतो. माझा खरा उपयोग तिथे असतो.

तेव्हा हस्तलिखित काही आठवडे नजरेआड ठेवा. मग कागदावर छापून वाचा. पडद्यावर निसटलेलं कागदावर सापडतं. पात्रांची वयं आणि घटनांची सालं एका कागदावर मांडा. संवाद मोठ्याने म्हणा. 'अचानक', 'जणू', 'क्षणभर' यांतला तुमचा लाडका शब्द कोणता, ते संगणकावर शोधून बघा, दचकाल. आणि पहिलं प्रकरण काढून कादंबरी वाचून पाहा. नवख्या लेखकाची गोष्ट पुष्कळदा दुसऱ्या प्रकरणात सुरू होते.

'प्रुफात बघू' हे तर मनातून काढूनच टाका. प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी प्रत, अक्षरजुळणीतल्या चुका काढण्यासाठी असतं. पुस्तक बहुधा 16 पानी फॉर्मांत छापतात, म्हणजे एका मोठ्या कागदावर 16 पानं छापून त्याची घडी घालतात. पानं लागल्यावर तुम्ही दोन परिच्छेद घुसवलेत, की पुढचा मजकूर सरकतो, अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात, आणि कधी उरलेल्या एका पानासाठी नवा फॉर्म लावावा लागतो.

घरच्यांनी वाचून 'छान' म्हटलं, हे तपासणीत धरू नका. लांबलेल्या प्रकरणांपासून सुरुवात करा. ती कोणती, हे तुम्हाला माहीतच आहे.